मामाच्या एकोणीस प्लेटा

माझा मामा कुणाकडे पहिल्यांदा गेला की माणसांना भेटायच्या आधी फाटकाला भेटतो. गजांच्या जोडावरून अंगठा फिरवतो, वाकून खालची बाजू बघतो आणि बहुतेक वेळा "नुसतं चिकटवलंय" असं घरमालकाच्या तोंडावर सांगतो. माझ्या आईला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, दवाखान्यात स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हाही ह्याने आधी स्ट्रेचरचा पाय तपासला होता. आई त्या दुखण्यातून उठली, पण ती गोष्ट तिने अजून सोडलेली नाही.

चौतीस वर्षं त्याने बॉयलरच्या कारखान्यात वेल्डिंग केलं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे पांढरे ठिपके आहेत, आणि भोक नसलेला त्याचा शर्ट मामीने काय तो लग्नात पाहिला. निवृत्त झाल्यावर तो घरात इतका उच्छाद मांडू लागला की मामीने मला निरोप पाठवला, ह्यांना कुठेतरी अडकव. तेव्हा मी ज्या केंद्रात कारकून होते तिथे वेल्डिंग शिकवायला माणूस हवा होता. मीच त्याला तिथे नेला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे आणि त्यात माझा नंबर शेवटचा नाही.

केंद्र म्हणजे फर्निचरच्या दुकानामागचं एक गोदाम. बेरोजगार तरुणांना तीन महिने कौशल्य शिकवायचं आणि मग कामाला लावून द्यायचं, अशी सरकारी योजना. दारापेक्षा पाटी मोठी होती. आत भिंतभर पोस्टरं, त्यावर स्वच्छ हेल्मेट घालून हसणारी मुलंमुली. वेल्डिंग करताना हसणारा माणूस मामाने चौतीस वर्षांत पाहिला नव्हता, म्हणून पहिल्या दिवशी तो त्या पोस्टरांसमोर बराच वेळ उभा राहिला. मशीनं तीन होती, त्यातलं एक चालायचं. डोळ्यांसमोर धरायच्या काळ्या काचा चार. वेल्डिंगच्या कांड्या, ज्यांना सगळे रॉड म्हणतात, त्या ओल धरलेल्या, कारण पुडे भिंतीला टेकून ठेवलेले आणि भिंत पाझरणारी.

संचालकांना मुलं आपापसांत 'अत्तर' म्हणायची. माणूस यायच्या आधी वास यायचा आणि गेल्यावर तासभर राहायचा. बोलणं फार गोड. ह्याला 'आपण', त्याला 'आपण', मला 'मॅडम'. वर्कशॉपमध्ये आला की हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, कशाला लागू नये म्हणून. तो वास मला अजून कुठे आला तर मी जागा बदलते.

कागदावर तुकडी तीस जणांची होती. येणारे अकरा. उरलेल्या एकोणीस जणांत जागामालकाचा मुलगा होता, अत्तरच्या बायकोचे दोन भाऊ होते, एकजण परगावी कॉलेजात होता, आणि काहींना आपलं नाव इथे आहे हे माहीतही नसावं. त्यांच्या सह्या मी करायची. तीन रंगांची पेनं ठेवली होती, रोज बदलायची. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सही आधी रद्दी कागदावर गिरवली, दुसऱ्यात थेट केली. माणूस किती लवकर सरावतो ह्याची किळस मला नंतर आली, तेव्हा आली नाही.

मामाला ह्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला त्याचे अकरा दिसत होते. पहिले पंधरा दिवस त्याने मशीन चालूच केलं नाही. रॉड धरायच्या होल्डरमध्ये पेन्सिल अडकवायची आणि खडूने आखलेल्या रेघेवरून सावकाश न्यायची, एवढंच. मुलं कंटाळली. तो म्हणायचा, "पेन्सिल डुलते तर आग काय सरळ जाणार आहे?" मग मशीन चालू झालं आणि त्याची परीक्षा सुरू झाली. दोन पट्ट्या जोडून प्लेट तयार झाली की ती शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायची आणि हातोड्याने जोडावरच दुमडायची. जोड फुटला तर पुन्हा. न फुटता प्लेट वहीसारखी मिटली तर मामा "हं" म्हणायचा. ह्या "हं"साठी मुलं जीव टाकायची.

आणि एक गोष्ट तो रोज घोकून घ्यायचा. जोडाच्या शेवटी रॉड झटकन उचलला की तिथे एक खड्डा राहतो. भेग पडते ती तिथूनच. म्हणून शेवटाला आल्यावर अर्धं बोट मागे फिरायचं, खड्डा भरायचा, मगच हात उचलायचा. "सगळे शेवटी पळतात," तो म्हणायचा. "तुम्ही पळू नका." त्याच्या स्वतःच्या हातचा जोड मीसुद्धा ओळखू लागले होते. शेवटाला एक लहानसा गुळगुळीत उंचवटा, शर्टाच्या बटणाएवढा.

अकरांत एक डावरी होती. डाव्या हाताने काम करायची म्हणून ते नाव पडलं, आणि तिने ते चालवून घेतलं. लाँड्रीत सात वर्षं इस्त्रीवर उभी होती. मामाने तिच्यासाठी टेबलाची मांडणी उलटी करून घेतली, वायर दुसऱ्या अंगाने फिरवली. इस्त्रीमुळे तिचा हात आधीच बसलेला होता, दाब सारखा, चाल सारखी. दुसऱ्या महिन्यात तिची प्लेट मिटली तेव्हा मामाने "हं" म्हटलं आणि घरी येऊन मामीला दोनदा सांगितलं. मामी मला म्हणाली, "आमच्या पोरांच्या निकालाला हे एवढे बोलले नव्हते."

गावाबाहेर पाण्याच्या टाक्या करणारा कारखाना होता. तो ह्या तुकडीतले दहाजण घेणार असं ठरलं होतं. डावरीने त्या भरवशावर लाँड्री सोडली होती, आणि मालकाने दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी दुसरी उभी केली. घरी आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे लांबची नोकरी शक्य नाही. चालत जाता येईल असा वेल्डिंगचा कारखाना तो एकच. आणि योजनेला वयाची अट तीस. तिला तीस व्हायला चार महिने उरले होते, म्हणजे पुन्हा अर्ज नाही. ती हे रडून सांगायची नाही. एकदा डबा खाताना मला म्हणाली, "ताई, हे एकदाच आहे. म्हणून मी रॉड पण मोजून जाळते."

परीक्षेच्या तीन दिवस आधी, शुक्रवारी, अत्तरने मामाला आत बोलावलं. मी समोरच कागद लावत बसले होते.

"मास्तर, आपली अकरा मुलं उत्तम," तो म्हणाला. "उद्या त्यांच्या प्लेटा होतील. प्रश्न राहिला एकोणीसचा."

"कसला प्रश्न? आले नाहीत तर नापास," मामा म्हणाला.

"तसं नाही ना होत. तीस नावं आहेत तर तीस प्लेटा लागतात. आपण करून द्या. रविवारी बंदच असतं इथे."

मामा उठलाच. "मी चौतीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर काम केलं नाही. आता म्हातारपणी शिकवू नका."

अत्तर रागावला नाही. हेच मला त्याचं सर्वांत किळसवाणं वाटतं, त्याला राग येत नसे. त्याने माझ्याकडे हात पुढे केला, मी निमूट फाइल दिली, आणि त्याने डावरीचा अर्ज काढून मामासमोर ठेवला. "एक जरी प्लेट कमी पडली तर तुकडी रद्द होते, मास्तर. सगळी. मग ह्या बाईंना प्रमाणपत्र नाही, कारखाना नाही, आणि वय पाहता पुढची तुकडीही नाही. मला वाईट वाटेल."

मामा पुन्हा खाली बसला. मी फाइल परत बांधून ठेवली.

रविवारी दुपारी आम्ही दोघं शटर अर्धं ओढून आत गेलो. अत्तरने रॉडचा कोरा पुडा आणून ठेवला होता, सीलबंद. तो पाहून मामाचा चेहरा उतरला. "काल पोरांना हा का नाही दिला?" त्याने विचारलं. काल अकरा जणांनी आपल्या प्लेटा त्या ओल्या रॉडनेच केल्या होत्या. मी पुड्याचं सील फोडून तो त्याच्यापुढे सरकवला.

त्याने काम सुरू केलं. मी प्रत्येक प्लेटवर आकड्यांच्या लोखंडी ठशाने नंबर ठोकत होते. पहिली प्लेट झाल्यावर मी म्हटलं, "मामा, एवढी छान नको. जरा वेडीवाकडी कर. शिकाऊ माणसाची वाटायला हवी."

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि दुसरी त्याने मुद्दाम बिघडवली. हात डुलवला, मध्ये थांबला, शेवटी झटकन उचलला. मग जोडावर बसलेली जळकी कवची हातोडीने उडवली, ब्रश मारला, आणि ती प्लेट हातात घेऊन बसला.  शेवटी ग्राइंडर घेतलं, सगळा जोड घासून काढला आणि नव्याने केला.

"अरे, कशाला?"

"हे माझ्या हातून बाहेर जायचं नाही," तो म्हणाला. "नाव कुणाचं का असेना."

मग मी बोलणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर त्या दुपारी तो खुशीत होता. कोरडे रॉड, रिकामं वर्कशॉप, एकामागून एक जोड. तिसऱ्या-चौथ्या प्लेटनंतर तर तो गुणगुणायलाही लागला. एकोणीस प्लेटा, एकोणीस बटणं. मला त्याचा हेवा वाटला, आणि आपण काय करतोय ते थोडा वेळ मी विसरूनच गेले.

सोमवारी परीक्षक आला. पांढरे हातमोजे घालून आला आणि ते तसेच पांढरे घेऊन गेला. एकही प्लेट त्याने शेगड्यात लावली नाही. मामाने हातोडा पुढे केला तर म्हणाला, "त्याची गरज नाही, आम्ही दृश्य तपासणी करतो." म्हणजे नुसतं बघतो. तीस प्लेटा टेबलावर मांडल्या, बघितल्या, फोटो काढले, चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. तीन महिन्यांचा हिशेब चाळीस मिनिटांत आटोपला. जाताना सहज म्हणाला, कारखान्याने ह्या वेळी गुणांप्रमाणे पहिले दहा मागितलेत.

ते ऐकून मामाच्या हातातला हातोडा खाली आला. मला समजायला अजून एक क्षण लागला.

मंगळवारी यादी आली. पहिले एकोणीस क्रमांक मामाचे होते. पहिला आला जागामालकाचा मुलगा. विसावी डावरी.

मामाने यादी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग वर्कशॉपमध्ये गेला, परीक्षेनंतर प्लेटा भरून ठेवलेल्या पोत्यातून स्वतःच्या काढल्या आणि एकेक शेगड्यात लावून दुमडू लागला. फुटल्या तर परीक्षकाला बोलावून दाखवणार होता की बघ, ह्या नापास आहेत. दणादण घाव घालत होता. एक फुटेल तर शपथ. सगळ्या मुकाट्याने मिटत गेल्या. नवव्या प्लेटला तो थांबला, कारण त्याचा हात दुखायला लागला होता.

बुधवारी सकाळी आम्ही टाकीच्या कारखान्यात गेलो. तिथला फोरमन मामाच्या जुन्या ओळखीचा, बॉयलरच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली शिकलेला. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं. मामाने पाण्याला हात लावला नाही. पिशवीतून डावरीची प्लेट काढून टेबलावर ठेवली.

"तुझ्याकडे जे दहा आलेत ते खोटे आहेत. त्या प्लेटा माझ्या आहेत."

"माहीत आहे, मास्तर," फोरमन म्हणाला. "फोटो पाहिले तेव्हाच ओळखल्या. शेवटी खड्डा भरणारा दुसरा आहे कोण?"

मामाने विचारलं, "मग घेतलेस कसे?"

"वरून यादी आली. तीन महिने दहा नावं हजेरीत ठेवायची, त्यांच्या पगारातला वाटा योजनेकडून येतो, नंतर नावं कमी करायची. ती पोरं येणार नाहीत आणि मी त्यांना बोलावणार नाही. त्रास नाही कुणाला."

"आणि ही?" मामाने प्लेट पुढे सरकवली.

फोरमनने ती उचलली, जोडावरून अंगठा फिरवला. शिकवलेला माणूस होता, विसरला नव्हता. "चांगली आहे. खरंच चांगली आहे. म्हणून तर नको. ही रोज येईल, काम मागेल. मग मला हिला खरंच कामावर ठेवावं लागेल."

त्याने हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं, आणि मग मामाला म्हणाला की तुम्हाला दोन-चार तास यायचं असेल तर सांगा, चांगली माणसं मिळत नाहीत हल्ली. मामा प्लेट पिशवीत घालून उठला. बाहेर आल्यावर फाटकापाशी त्याने जोडाला अंगठा लावला नाही. मी त्याला असं पहिल्यांदाच पाहिलं.

केंद्रात परत आलो तर वास आधीच आला. अत्तर खुशीत होता. निवड न झालेल्यांसाठी त्याच्याकडे तोड होती. सगळ्यांच्या नावापुढे 'स्वयंरोजगार' लिहायचं आणि हातात होल्डर धरलेला एकेक फोटो जोडायचा. म्हणजे तीसच्या तीस कामाला लागले. फोटोसाठी त्याने डावरीला सर्वांत आधी बोलावलं होतं, आणि ती केस घट्ट बांधून, धुतलेला सदरा घालून, काळी काच हातात धरून उभी होती. मशीन बंद होतं. "मॅडम, दोन काढा," असं म्हणून तो फोनवर बोलत बाहेर गेला.

मी दोन काढले. हे मी केलं, कुणी माझा हात धरला नव्हता.

"दहात नाही आले, मास्तर," डावरी मामाला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "पण एकोणीस जण पुढे म्हणजे ती दुसरी तुकडी फारच चांगली असणार. आम्हाला कधी दिसली नाहीत ती. कोण होतं त्यांना शिकवायला?"

मामाने टोपी काढली. "कोणी नव्हतं. ती तुकडीच नाही. त्या प्लेटा मी केल्या. तुमची तुकडी रद्द होऊ नये म्हणून केल्या."

ती कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली, न दुमडलेल्या प्लेटांतली एक काढली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीचा शेवट बघितला, अंगठ्याने चाचपला. मामाने पिशवीतून तिची प्लेट काढून दिली. तिने ती मामाच्या प्लेटेशेजारी टेबलावर ठेवली. तिचाही खड्डा भरलेला होता, पण ओल्या रॉडमुळे जोडावर बारीक छिद्रं होती. मामाची प्लेट आरशासारखी.

"ओला रॉड होता ना आमचा," ती म्हणाली.

"हो."

"आणि हा कोरा."

"हो."

तिने काळी काच नीट खुंटीला अडकवली. मग मामाकडे वळून, शाळेतल्या मुलीने शंका विचारावी तसं म्हणाली, "दहा जागा होत्या, मास्तर. एकोणीसपैकी दहा प्लेटांत तरी खड्डा ठेवायचा होतात."

म्हणजे नऊ पुढे राहिले असते आणि दहावी ती. तिने तिची प्लेट उचलली, ओढणीत गुंडाळली आणि गेली. लाँड्रीच्या दिशेने गेली, हे मी दारातून पाहिलं.

मामाने टोपी परत घातली. मग मशीन चालू केलं, दोन पट्ट्या घेतल्या आणि जोड मारायला लागला. मी दुसरी काच डोळ्यांसमोर धरली. तो काय करू पाहतोय ते मला कळलं होतं. शेवटाला आल्यावर त्याला हात झटकन उचलायचा होता, एकदाच, एक खड्डा ठेवायचा होता. रॉड कडेला आला, थांबला. मग अर्धं बोट मागे फिरला आणि खड्डा भरला.

त्याने मशीन बंद केलं. त्यानंतर तो केंद्रात आला नाही, आणि लोकांची फाटकं बघणंही सोडलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी गेले. डावरीचा फोटो नावापुढे जोडला, खाली 'स्वयंरोजगार' लिहिलं आणि पाठवून दिलं. पुढच्या तुकडीचे अर्ज आले होते.